गौरीची नथ आणि हलकं यंत्र

नथ मी हरवली नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण आमच्या घरात गेली दोन वर्षं हे वाक्य मला कोणी पूर्ण करू दिलेलं नाही.

मी शिरीष. मूळचा नाशिकचा, एकवीस वर्षं सौदीत, अल-खोबरला. काम इन्स्ट्रुमेंटेशनचं. म्हणजे प्लांटमधली मापकं खरं बोलतात की थापा मारतात, हे तपासत फिरायचं. अशा माणसावर निष्काळजीपणाचा आरोप व्हावा आणि तोही स्वतःच्या बायकोकडून, ही गोष्ट मला फार झोंबते. शर्मिलाला मात्र झोंबत नाही. ती कॉलनीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि माझी केस तिने केव्हाच सोडवून, खाली दोन रेघा मारून ठेवली आहे.

झालं होतं असं. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पहाटे समुद्रावर जायचं, न बोलता पाच खडे उचलायचे आणि घरी आणून पुजायचे. नाशिकला गोदावरीचे असत, इथे आखाताचे. आमच्या आईची मोत्यांची नथ त्या दिवशी गौरीला घालायची. आता खड्यांना नाक नसतं. म्हणून शर्मिला ती नथ पत्रीच्या जुडीला अडकवते आणि जुडी खड्यांशेजारी ठेवते. आघाडा इथे मिळत नाही, तेव्हा जुडीत कंपाउंडच्या लॉनमधल्या दूर्वा आणि भाजीवाल्याकडची बकदूनस. कोथिंबिरीची अरबी चुलत बहीण. गौरीने एकवीस वर्षांत कधी तक्रार केलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी विसर्जनानंतर नथ सापडेना. माझं म्हणणं, शर्मिलाने ती नेहमीसारखी जुडीला तारेने बांधली आणि सोडायला विसरली. तिचं म्हणणं, त्या वर्षी नथ बांधलेलीच नव्हती, ताम्हणात सुटी ठेवली होती आणि मी न बघता ताम्हण निर्माल्यात उपडं केलं. विसर्जनाची यादी मी छापून ठेवलेली असते. निरांजन, समई, चांदीची वाटी, नथ. नथेपुढे माझ्याच अक्षरात बरोबरची खूण होती. ती मी कशी केली? स्वयंपाकघरातून "झालं हो सगळं" असा आवाज आला म्हणून केली. यावर शर्मिलाचं उत्तर, "झालं म्हणजे पुरण झालं!"

निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, हे आमच्याकडचं सगळ्यांचं पाळणं. नदी नाही, विहीर नाही. मग पंधरा-सोळा मराठी घरं मिळून एक निळा ड्रम भरतो आणि तो मुस्तफा घेऊन जातो. मुस्तफा श्रीवर्धनचा, दम्मामच्या बाजारात भाजीचा व्यापार करतो. कतीफमध्ये अबू नबील म्हणून एका म्हाताऱ्याची खजुराची बाग आहे, तिथून तो लिंबं उचलतो. पहिल्या वर्षी आम्ही ड्रम घेऊन विचारात उभे होतो, तेव्हा तोच म्हणाला होता, "देवाचं हाय ना? मग झाडाच्या बुडाशी घालतो. वाया नाय जायाचं." तेव्हापासून आमच्या गौरी-गणपतीचं निर्माल्य कतीफच्या लिंबांना जातं. नथ गेल्याचं आम्हाला कळलं तोवर ड्रम वाफ्यांत रिकामा झाला होता. दोन शुक्रवार आम्ही तिथे चाळण घेऊन बसलो. हाती काही लागलं नाही.

आणि मग एका बुधवारी आईचा व्हिडिओ कॉल आला.

आईला नथेचं काही सांगितलेलंच नव्हतं. ती शहाऐंशी वर्षांची. डिसेंबरात आमच्या मुलीचं, मुग्धाचं, नाशिकला लग्न आहे. आईने फोन कपाळाला लावल्यासारखा धरला होता, त्यामुळे आम्हाला फक्त चष्मा दिसत होता. चष्मा म्हणाला, "शर्मिला, नथ आठवणीने आण गं. मांडवात मुग्धाला मी माझ्या हाताने घालणार आहे. माझ्या सासूबाईंनी मला घातली, मी तुला घातली. हात थरथरतो, पण तेवढं जमेल मला."

शर्मिला "हो आई" म्हणाली. फोन बंद झाला आणि घरात कोणी कोणाकडे बघेना.

आमचं ठरलेलं होतं, ज्याची चूक त्याने आईला सांगायचं. त्यामुळेच तर दोन वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं. पण त्या दिवशी मला आईचा थरथरता हात दिसत राहिला. मी म्हटलं, "रविवारी मी फोन करतो. माझ्याकडून गेली म्हणून सांगतो. मिटवून टाकू." शर्मिलाने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि उठून ब्रेडच्या पिशवीला कपड्यांचा चिमटा लावायला गेली. हे चिमट्याचं एक नवीन खूळ. पूर्वी ब्रेडच्या पिशव्यांच्या त्या बोटभर तारा ती जपून ठेवायची, हिरवं किंवा लाल प्लास्टिक चढवलेल्या. डबा भरून होत्या. वर्षभरापूर्वी सगळ्या फेकून दिल्या. का, तर म्हणे टोचतात.

त्याच संध्याकाळी मुस्तफाचा फोन आला. अबू नबील बागेत पाण्याचे नवीन पाइप टाकतोय, शनिवारी सकाळी खोदायचं मशीन येणार, लिंबाचे वाफे उलटेपालटे होणार. "साहेब, अजून एकदा बगायचं आसंल तर शुक्रवार हाय. मंग खलास."

तेव्हा मला इंद्रनील आठवला.

इंद्रनील आमच्याच कंपनीत, पुण्याचा, तिशीच्या आतला. सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन समुद्रकिनाऱ्यावर फिरतो. वाळूतून हलाला, म्हणजे इथली सुटी नाणी, कॅनच्या चकत्या, क्वचित एखादी अंगठी काढतो आणि अंगठीचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकून मालक शोधतो. आता त्याची यान्बूला बदली झाली होती आणि त्याला दोनपैकी एक यंत्र विकायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. घरभर खोकी, मधोमध भिंतीला टेकवलेली दोन यंत्रं.

"काका, हे मोठं मी पहिल्यांदा घेतलं. नाण्यांसाठी झकास, खोल जातं. दोन किलोच्या वर आहे. आणि हे दुसरं, सव्वा किलो."

"किंमत?"

"कुठलंही घ्या, सारखीच."

आता सांगा, तेवढ्याच रियालांत जवळजवळ दुप्पट यंत्र मिळत असताना सव्वा किलोचं कोण घेईल? मी मोठ्याला हात घातला. त्याला कोपराखाली डबा, खाली जेवणाच्या ताटाएवढी गोल चकती, बटणं तर विचारू नका. बघूनच वाटलं, हे काहीतरी शोधेल. दुसरं बिचारं छत्रीच्या काडीला बशी अडकवल्यासारखं दिसत होतं.

शर्मिला म्हणाली, "अहो, भोपळा घ्यायला नाही आलो आपण. तुमचा खांदा?"

माझा उजवा खांदा गेले सहा महिने आखडलेला आहे. डॉक्टर त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, शर्मिला त्याला निमित्त म्हणते. शर्ट घालताना मला मदत लागते. पण ही गोष्ट एका तिशीच्या आतल्या पोरासमोर काढायची होती का?

मी रीतसर तपासणी केली. जुनं यंत्र घेताना काय बघायचं ते मला कोणी शिकवायला नको. चकतीला तडा आहे का, केबल मुळाशी तुटत आलीय का, बॅटरीच्या कप्प्यात हिरवा गंज आहे का, दांडा लांबवल्यावर जागेवर बसतो का. मोठं यंत्र अगदी कोरं करकरीत. चकतीवर एक ओरखडा नाही. लहानाची मात्र दशा झालेली. चकतीखालचं झाकण घासून पांढरं पडलेलं, दांड्याची कडी वाळूने झिजून सरकणारी, तिथे इंद्रनीलने चिकटपट्टी गुंडाळलेली.

"बघ," मी शर्मिलाला म्हटलं, "वस्तू कशी ठेवावी, आणि कशी ठेवू नये."

इंद्रनील प्रामाणिक मुलगा. तो कान खाजवत म्हणाला, "काका, खरं सांगू? मोठं कोरं आहे कारण ते मी फारसं वापरलंच नाही. अर्ध्या तासात हात भरून येतो. लहान झिजलंय, कारण रोज तेच नेतो. वजन नुसतं काट्यावर नसतं हो, दांड्याच्या टोकाला किती आणि कोपराशी किती, त्यावर असतं. शिवाय मोठ्याला नाणी आवडतात. बारीक सोनं त्याला नीट ऐकू येत नाही."

मी यावर हसलो. विकणाऱ्याने कोरी वस्तू नको म्हणायची आणि झिजलेली घ्या म्हणायचं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी त्यानेच तोडगा काढला. दोन्ही घेऊन जा, शुक्रवारी वापरा, नको ते परत आणा. निघताना बजावून म्हणाला, "फक्त बागेतच हं काका, मालकाला विचारून. जुन्या वस्तीच्या, जुन्या किल्ल्याबिल्ल्याच्या जवळ हे यंत्र फिरवायची परवानगी नसते. आणि खरंच काही पुरातन दिसलं तर हात लावायचा नाही, कळवायचं." मी म्हटलं, बाबा रे, आम्हाला एकच पुरातन वस्तू हवीय आणि ती माझ्या आजीची आहे.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आम्ही कतीफला पोचलो. नोव्हेंबरची हवा, अंगावर शाल घ्यावी की नको असं वाटणारी. खजुरांच्या मधल्या सावलीत लिंबाचे चार वाफे, प्रत्येक पंधरा-वीस पावलांचा. अबू नबीलने गाडीतूनच हात केला, "यल्ला, शोधा शोधा" म्हणाला आणि सोनं सापडलं तर अर्धं माझं अशी खूण करून खदाखदा हसत निघून गेला. मुस्तफा पिकअप घेऊन हजर. साडेअकराला त्याला जुम्म्याच्या नमाजाला जायचं होतं, म्हणजे हातात पाच तास. त्याच्या बायकोने, शरफुन्निसाभाभींनी, डबाभर घावन आणि नारळाचा रस पाठवला होता. "कुठल्या वाफ्यात टाकलंत तेवढं तरी आठवतं का?" शर्मिलाने विचारलं.

"वैनी, चारांतल्या एकात," मुस्तफा म्हणाला. "तवा अंधार पडत व्हता. मी ड्रम उलटा केला नि पाणी सोडलं."

पिकअपमध्ये त्याचा भाजीचा काटा होता. त्याने हौसेने दोन्ही यंत्रं आकड्याला लटकवली. मोठं दोन किलो शंभर, लहान सव्वा. मुस्तफाचं मत झटक्यात ठरलं. "मोठंच घ्या साहेब. ह्ये दुसरं काय, पोरांचं खेलनं." जगात निदान एक समजूतदार माणूस माझ्या बाजूने होता.

मी मोठं यंत्र हातात बांधलं आणि सुरुवात केली. आणि काय सांगू, पहिल्या दहा मिनिटांत यंत्र वाजलं! खुरप्याने उकरलं तर एक रुपया. भारताचा. पुढे दुसरा रुपया, मग पाचाचा ठोकळा. आमच्याच विड्यांवर दक्षिणा म्हणून ठेवलेली नाणी ही, पानांबरोबर ड्रममध्ये गेलेली. कतीफच्या मातीतून अशोकस्तंभ वर येताना बघून मुस्तफा एवढा खूश झाला की दर वेळी "अजून येक!" म्हणून ओरडायला लागला. मग एका पितळी घंटेचा लोलक. मग सदानंदच्या घरची चांदीची सुपारी. सदानंद हा आमचा शेजारी, नथ गेली तेव्हा "आमच्याकडे असं कधी होत नाही" म्हणून गेलेला. ती सुपारी मी रुमालात बांधून ठेवली. असे क्षण आयुष्यात फार येत नाहीत.

पण चाळीस मिनिटांनी माझ्या खांद्यातून जी कळ निघाली ती थेट कानापर्यंत गेली. मी दात आवळून आणखी दहा पावलं ओढली. यंत्र आता डावी-उजवीकडे जायच्याऐवजी जमिनीला टेकत होतं. पहिला वाफासुद्धा पुरा झाला नव्हता.

शर्मिला हे सगळं बादलीवर बसून बघत होती. ती उठली, कानातली सोन्याची एक कुडी काढली आणि मला म्हणाली, "तोंड फिरवा." मी फिरवलं. तिने मोकळ्या जागी कुडी चार बोटं खोल पुरली, वर माती सारखी केली. "आता फिरवा तुमचा भोपळा."

मी फिरवला. चकार शब्द नाही. पुन्हा फिरवला. तिने बोटाने जागा दाखवली, तरी यंत्र ढिम्म.

"आता ते खेळणं द्या इकडे." तिने स्वतः लहान यंत्र उचलून एका हाताने सहज फिरवलं. कुडीवर येताच ते असं टणटणलं की खजुरावरची पाखरं उडाली.

मी म्हटलं, एका रीडिंगला रीडिंग म्हणत नाहीत. मग तीन जागी तीन वेळा प्रयोग केला. तीनदा तेच. मोठ्याला कुडी ऐकू येत नव्हती आणि लहानाला न येणं अशक्य होतं. मुस्तफा हळूच म्हणाला, "साहेब, खेलनं बरं दिसतंय," आणि पक्ष बदलून तिकडे जाऊन उभा राहिला. मग मी लहान यंत्र हातात घेतलं. खरंच सांगतो, हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. इतकी वर्षं मी मोजमापाच्या धंद्यात आहे आणि यंत्र निवडताना मात्र बाजारात भोपळा निवडावा तसं निवडलं, याची लाज वाटली. अर्थात हे मी तेव्हा बोलून दाखवलं नाही.

दोन वाफे शर्मिलाने केले, तिसरा मी. आणखी नाणी, निरांजनाचं बूड, कुणाचं तरी पैंजणाचं घुंगरू. नथ नाही. साडेदहा वाजले. मुस्तफा पंपाच्या खोलीत चहा करायला गेला, शर्मिलाही त्याच्या मागोमाग कपबशा धुवायला. सकाळपासून ती मला चिडवत होती, पण आता तिचा चेहरा बुधवारसारखा झाला होता. चौथा वाफा राहिला होता आणि त्यात काही नसलं तर रविवारी आईला फोन.

या यंत्रात लोखंड गाळायची सोय असते. खिळा आला की ते गप्प बसतं, म्हणजे उगाच उकरावं लागत नाही. इंद्रनीलने ती चालू ठेवूनच दिलं होतं. मी चौथ्या वाफ्याच्या निम्म्यापर्यंत गेलो आणि थांबलो. आमच्या प्लांटमध्ये कुठलाही अलार्म त्रास देतो म्हणून बंद ठेवायचा नाही, असा नियम मी स्वतः भिंतीवर लावलाय. इथे मीच अर्धे आवाज बंद करून फिरत होतो. मी ती सोय काढून टाकली आणि वाफा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

मग काय गोंधळ! खिळा घुर्र, पत्रा घुर्र, तारेचा तुकडा घुर्र. सगळं ऐकत गेलो. तिसऱ्या लिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर एक वेगळाच आवाज आला. डावीकडून गेलं की घुर्र, उजवीकडून आलं की बारीक टिंग. खिळा असा दोन जिभांनी बोलत नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि खुरपं बाजूला ठेवून बोटांनीच उकरायला लागलो.

वीतभर खाली मातीचं एक ढेकूळ लागलं. तळहातावर फोडलं. आत आईची नथ होती.

मला एकदम रडू आलं. लपवत नाही. सोन्याची तार थोडी वाकलेली, मोती विटलेले, दोन तर नव्हतेच, पण मधला लाल खडा तसाच. आजीने आईला घातलेली, आईने शर्मिलाला. मी ती शर्टाला पुसली आणि पुसताना बोटाला काहीतरी टोचलं.

नथेच्या फासात एक तार होती. बोटभर, हिरवं प्लास्टिक चढवलेली, तीन पीळ देऊन घट्ट आवळलेली. ब्रेडच्या पिशवीची.

म्हणजे नथ ताम्हणात सुटी नव्हती. ती जुडीला बांधलेली होती. जुडी कुजून गेली होती, तार राहिली होती. दोन वर्षांचा खटला मी जिंकलो होतो, पुराव्यासकट! पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की ही तार फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची. सदानंदला सुपारी देताना तारही दाखवायची. मी उठलोसुद्धा.

आणि मग मला तो कपड्यांचा चिमटा आठवला. वर्षभरापूर्वी फेकलेला तारांचा डबा. तारा टोचतात म्हणालेली शर्मिला.

तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. ज्या माणसाला आपण चारचौघांत वर्षभर बोललो, त्याला आता कुठल्या तोंडाने सांगायचं? मी तिच्या जागी असतो तर मीही डबाच फेकला असता. मी तिथेच उभ्या उभ्या तीन पीळ उलटे सोडवले, तार खिशात टाकली आणि हाक मारली.

शर्मिला कप हातात घेऊनच धावत आली. मुस्तफा मागून पातेलं घेऊन. मी मूठ उघडली. शर्मिलाने कप खाली टाकला. नथ उचलून आधी कपाळाला लावली, मग डोळ्यांना आणि मग हमसाहमशी रडायला लागली. मुस्तफा "अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह" म्हणत डोळे पुसत होता. मी उगीचच लिंबाची पानं मोजत उभा राहिलो.

"दोन मोती गेलेत," मी म्हटलं. "बाकी ठीक आहे. सुटी होती म्हणून वाकली असेल. माझंच चुकलं, मीच ताम्हण न बघता..."

शर्मिलाने रडणं थांबवून माझ्याकडे बघितलं. मग हात पुढे केला.

"आणि तार?"

"कसली तार?"

"हिरवी. तीन पिळांची. द्या इकडे."

मी खिशातून काढून दिली. काय करणार?

"मागच्या वर्षी गौरींना जुडी बांधायला बसले," ती म्हणाली, "तार हातात घेतली, पीळ द्यायला लागले आणि हात थांबला. बोटांना आठवलं हो आधी, मग मला. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तुम्हाला इतकं बोलून बसले होते. आणि तुम्ही परवा म्हणालात, मी सांगतो आईला, माझ्याकडून गेली म्हणून. तुम्ही रविवारी खोटं बोलणार होता. म्हणून मी शनिवारीच फोन करणार होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं."

"मग परवाच का नाही बोललीस?"

"तोंड उघडलं होतं. चिमटा लावायला गेले."

मुस्तफाला यातलं काही कळलं नाही. नवरा-बायको एका तारेकडे बघून हसतायत की रडतायत, हे त्याने थोडा वेळ पाहिलं आणि चहा गार होतोय म्हणाला.

मोती गेले होते, तेव्हा आईला सांगावं लागणारच होतं. शर्मिलाने तिथेच, चौथ्या वाफ्यात उभं राहून फोन लावला. पडद्यावर चष्मा आला. "आई," ती म्हणाली, "नथेचं सांगायचं होतं. दोन मोती गेलेत. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून..."

मी फोनमध्ये डोकं घातलं. "आमच्या हातून," मी म्हटलं. "बांधली हिने, खूण केली मी."

चष्मा आणखी जवळ आला. मग म्हणाला, "नथ आहे ना? सोनाराकडे दोन मोती बसवून घेऊ. आणि शिरीष, तुझ्या डोक्याला माती लागलीय, ती आधी पूस."

मुस्तफा वेळेवर नमाजाला गेला. मोठं यंत्र त्याच संध्याकाळी इंद्रनीलला परत केलं. तो नुसता हसला. लहान आमच्याकडेच राहिलं, झिजलेल्या कडीसकट. शर्मिला आता दर शुक्रवारी ते घेऊन किनाऱ्यावर जाते आणि मी मागून बादली घेऊन चालतो, कारण माझा खांदा अजून आखडलेलाच आहे.

नथ सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी नाश्त्याला बसलो तेव्हा ब्रेडच्या पिशवीला चिमटा नव्हता. लाल तार होती, तीन पिळांची. मी ती सोडवली, ब्रेड काढला आणि पुन्हा तशीच आवळून ठेवली.